बेटावरचे घर, त्याखालची जमीन

मराठवाड्यातल्या रेणापूर तालुक्यातली मुले शिकायला बाहेर पडतात, त्यांतली काही मुंबईत नोकरीला लागतात, भाड्याच्या खोलीत वर्षे काढतात आणि मग एक दिवस घरी फोन येतो: घर घ्यायचे ठरवले आहे, थोडा हातभार लागेल. त्या हातभारासाठी कधी सोयाबीनचे पैसे जातात, कधी बांधाकडेचा एखादा एकर विकला जातो. समुद्र क्वचितच पाहिलेले आईवडील अशा रीतीने समुद्रकाठच्या घराचे भागीदार होतात. मुंबईत राहण्याच्या आणि गुंतवण्याच्या अभ्यासाची ही प्रस्तावना त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी आहे. नगरअभ्यास, अर्थशास्त्र, भूगोल शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचेही येथे मनापासून स्वागत आहे.

आपले क्षेत्र आहे मुंबई बेट, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा मुंबई शहर जिल्हा. या शहराचा अभ्यास मराठीला नवा नाही. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली निघाले. आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ 1889 साली. शहराकडे मराठीतून, कुतूहलाने आणि बारकाईने पाहण्याची ही वाट आपल्या आधीच पडलेली आहे.

या अभ्यासाचा पहिला धडा असा की इथली बरीचशी जमीन माणसाने केलेली आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे. भरतीचे पाणी त्यांच्यामधून आत शिरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीच्या खिंडीला बांध पडला आणि मधली खाजणे वापरात येऊ लागली. 1838 मध्ये कुलाब्याचा आणि 1845 मध्ये माहीमचा जोडरस्ता झाला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. भारतीय कापसाला अचानक सोन्याचे मोल आले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. तो पैसा समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्सकडे वळला. बॅकबेची जमीन भरून निघण्याआधीच तिचे शेअर्स दर्शनी किमतीच्या अनेक पटींनी विकले जात होते. 1865 मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि त्यापाठोपाठ बँका व सट्टेवालेही कोसळले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा राजाही त्यातून सुटला नाही. बेटावर गुंतवणूक करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण आधी वाचावे. इथल्या जमिनीचा भाव दूरच्या घटनांवर हलतो, आणि केवळ भाव वाढतो आहे म्हणून केलेली खरेदी सर्वांत कच्ची असते.

दुसरा धडा हक्काचा. मराठवाड्यातला शेतकरी सातबारा वाचतो. निजामी काळातून आलेल्या इनामांचे आणि खासरा पत्रकाचे वाद त्याने ऐकलेले असतात. मुंबईत सातबाऱ्याची जागा मालमत्ता पत्रक घेते आणि हक्कांचे थर वाढतात. जमीन बंदर प्राधिकरणाची (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची), महापालिकेची वा सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. तिच्यावरची इमारत दुसऱ्याची. आत राहणारा भाडेकरू तिसरा. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठली. भाडेकरूंना आसरा मिळाला, पण मालकांना डागडुजी परवडेना. त्यातून पागडीची पद्धत फोफावली: एकरकमी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहायचे आणि खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून मिळणाऱ्या रकमेत मालकाला वाटा द्यायचा. 1999 च्या कायद्याने या व्यवहाराला मान्यता दिली. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी 1969 च्या कायद्याने उपकर बसवला. म्हणूनच ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द मुंबईकराच्या तोंडी असतो. त्याचा अर्थ समजल्याशिवाय गिरगावातल्या खोलीची किंमत समजत नाही.

मालकीचा आणखी एक मार्ग सहकाराचा. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रेणापूरच्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. रेणा सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाकडे शेअर असतो, मत असते, आणि वार्षिक सभेत हिशेब विचारण्याचा अधिकार असतो. गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाचेही तसेच आहे. ज्याला कारखान्याचा ताळेबंद वाचता येतो, त्याला सोसायटीचाही वाचता येईल. फक्त एक कागद विसरू नये: बिल्डरकडून जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतर, सोसायटीच्या नावे झाले आहे का? झाले नसेल, तर बिल्डरच्या सहीवाचून ते मिळवण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, तरतूद कायद्यात आहे. नव्या प्रकल्पांसाठी 1 मे 2017 पासून महारेरा हे नियामक प्राधिकरण आहे. नोंदणी क्रमांक, कार्पेट क्षेत्रफळ आणि प्रकल्पावरचे खटले तिथे पाहता येतात, आणि ग्राहकांच्या पैशातला सत्तर टक्के भाग बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो.

तिसरा धडा समुद्राचा. 26 जुलै 2005 रोजी उपनगरातल्या सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. रेणापूरकडे वर्षभरात पडतो त्याहूनही जास्त. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यांचे पाणी समुद्र घेत नाही. ते उपसायला हाजी अली, लव्हग्रोव्ह यांसारखी पंपिंग स्टेशने लागतात. खारी हवा काँक्रीटमध्ये शिरून आतली सळई गंजवते, म्हणून समुद्रासमोरच्या इमारतीचा देखभाल खर्च कायमचा जास्त. 1991 पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम किनाऱ्यावरच्या बांधकामाला मर्यादा घालत आले आहेत. आणि या किनाऱ्याचे सर्वांत जुने रहिवासी कोळी आहेत. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाचे खांब वरळीजवळ रोवले जात असताना होड्यांना वाट पुरणार नाही, असे तिथल्या कोळ्यांनी ठामपणे सांगितले. अखेर खांबांमधले अंतर 120 मीटरपर्यंत वाढवावे लागले. समुद्राचे ज्ञान त्यांच्याकडे होते. या विषयाच्या विद्यार्थ्याने कोळीवाड्यात शिकायला जावे.

हिशेबाचाही धडा आहे, तो थोडक्यात. मुंबईत वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या बहुधा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते. गृहकर्जाचे व्याज त्याच्या दुपटीहून अधिक. भाड्यातून हप्ता फिटेल या भरवशावर शेत विकू नये. राहण्यासाठी घेतलेल्या घराचे गणित वेगळे: त्यात मुलांची शाळा, लोकलचे अंतर आणि म्हातारपणीचा दवाखाना धरावा लागतो.

या सगळ्या धड्यांमधून माझे एकच म्हणणे पुढे येते. बेटावरच्या घराची किंमत बहुतांशी त्याच्या भिंतींबाहेर घडते. बांध, जोडरस्ते, रेल्वे, पंप, कायदे, सोसायटीच्या सभा आणि शेजाऱ्यांचा विश्वास या सामायिक कामांतून ती तयार होते. ज्याने त्यांचा अभ्यास केला, तो खरेदीदार म्हणून सावध होतो आणि रहिवासी म्हणून जबाबदार. म्हणून राहणे आणि गुंतवणे हे दोन विषय येथे वेगळे केलेले नाहीत.

वाचकाला एवढीच विनंती. एखादी इमारत निवडा. तिचे मालमत्ता पत्रक मिळवा, सोसायटीचा ताळेबंद मागा, जुलैच्या मोठ्या भरतीला तिच्या गल्लीतून चाला, आणि तळमजल्यावरच्या सर्वांत जुन्या रहिवाशाशी बोला. जे दिसेल ते मराठीत लिहून ठेवा. पुढच्या फोनच्या वेळी घरच्यांना काय विचारायचे हे ठाऊक असावे, यासाठी असे लिखाण हवे आहे. आणि ते तुमच्याकडूनच यायला हवे.

रेणापूर