डाकेचं विमान

माझे आजोबा, आबाजी, सांगायचे, धानाच्या बांधीत रात्रीची जागल करताना वेळ कळायची ती आभाळातल्या घरघरीवरून. पूर्वेकडून आवाज आला की कोणीतरी म्हणे, "डाकेचं इमान चाललं नागपूरले." उजाडायच्या आधी तीच घरघर उलट दिशेनं, कलकत्त्याकडे जाई. आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीच्या आसपास तेव्हा घड्याळं मोजक्याच घरांत होती.

त्या आवाजाचा इतिहास मला पुढे कळला. ३० जानेवारी १९४९ रोजी देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत विमानं आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साधं पत्रही जादा तिकिटाशिवाय विमानानं जाऊ लागलं. १९७३ पर्यंत ही सेवा चालली.

कलकत्ता ते नागपूर हे हवाई अंतर हजार किलोमीटरला थोडं कमी. डकोटा विमान ते साडेतीन-चार तासांत कापी. नकाशावर या दोन शहरांमध्ये सरळ रेघ ओढली, तर ती आमच्याच मुलखावरून जाते. इथून पुढे नागपूर गाठायला विमानाला अर्धा तासही लागत नसे.

आबाजींचे धाकटे भाऊ रेल्वेच्या नोकरीत कलकत्त्याकडे होते. त्यांचं पत्र आमच्या डोक्यावरून नागपूरला जाई आणि तिथून मागे फिरे. आधी मोठ्या गाडीनं गोंदियाला, मग १९०८ पासून धावणाऱ्या छोट्या गाडीनं सौंदडला, आणि शेवटी डाकवाल्याच्या पायांनी गावात. आबाजी म्हणत, "शेकडो कोस एका रातीत, अन् घरापर्यंत यायले तीन दिवस." आजी पावसाळ्यात त्यात आणखी दोन दिवस धरायची.

आता विमान आमच्या जिल्ह्यात उतरतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी गोंदियाजवळ बिरसीला बांधलेल्या धावपट्टीवरून मार्च २०२२ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली. ती खंडित झाली, पण १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबादकडे पुन्हा उड्डाणं सुरू झाली. हैदराबाद हवाई मार्गानं सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे सव्वा-दीड तासाचा प्रवास. आबाजींच्या पिढीला हे खरं वाटलं नसतं.

तरीही तिकिटावरची वेळ वाचताना मला त्यांचाच हिशेब आठवतो. सडक अर्जुनीच्या माणसाला आधी कोहमाऱ्याचा फाटा गाठावा लागतो, तिथून गोरेगावमार्गे गोंदिया, मग बिरसी. पहाटे आजारी माणसाला घेऊन निघालेल्या घराला हाच टप्पा सर्वांत लांब असतो. म्हणून प्रवासाचा वेळ धावपट्टीपासून नव्हे, उंबरठ्यापासून मोजायला हवा. विमानाच्या वेळेला जोडून कोहमाऱ्याहून एसटी सुटली, तर बिरसीचं विमान खऱ्या अर्थानं आमचं होईल.