ठाण्याची पायरी : संघर्ष संपल्यावर बाईचे म्हणणे कोण ऐकते?

#इतिहासधागा

१/ बंड, दंगल किंवा युद्ध होऊन गेलेल्या मुलखात पोलिसांना स्त्रियांच्या सुरक्षिततेचे शिक्षण कसे द्यावे, हा प्रश्न आज संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांत दिसतो, म्हणून तो आपल्याला परदेशातला वाटतो. प्रत्यक्षात कर्जत-खालापूरच्या घाटपायथ्यापासून गडचिरोलीपर्यंत महाराष्ट्राने तो दीर्घकाळ अनुभवला आहे, आणि त्याची काही उत्तरेही इथेच घडली आहेत. आजचा धागा त्या उत्तरांचा.

२/ सुरुवात पोलीस ठाण्याच्या जन्मापासून करू. १८४० च्या दशकात सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर कोळ्यांचे उठाव चालू होते. त्यांचा नायक राघोजी भांगरे याला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५३ मध्ये, मुंबई इलाख्याने आपल्या पोलीस दलाची नवी घडी बसवली.

३/ या घडीचा नमुना सिंधमधला होता. चार्ल्स नेपियरने सिंध जिंकल्यावर तिथे जे दल उभारले, त्याचा आदर्श आयर्लंडचे सशस्त्र पोलीस दल हा होता. म्हणजे आपल्या जिल्हा पोलिसांची मूळ कल्पनाच जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवण्याची होती. गावकऱ्याची तक्रार ऐकणे हे त्या दलाचे दुय्यम काम होते.

४/ तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते आणि खालापूर हा कर्जतचाच पेटा. १८९१ मध्ये हा भाग कुलाब्याकडे, म्हणजे आजच्या रायगडकडे आला. इथल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत होते, हे १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये दिसते. कातकऱ्यांविषयीच्या मजकुरात चोरीचा संशय भरून राहिला आहे. जिच्या अख्ख्या जमातीवर संशय, तिने फिर्यादी म्हणून ठाण्यात कसे जावे?

५/ शिवाय तिच्या वाटेवर ठाण्याच्या आधी एक उंबरठा होता : पोलीस पाटलाचा. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने गावातील गुन्ह्याची पहिली खबर पाटलाकडे जाण्याची व्यवस्था पक्की केली. पाटील मोठ्या गावाचा आणि जमीनदार घराण्यातला, तर वाडी गावाबाहेर, डोंगराच्या कडेला. तक्रार त्याच्याच नात्यातल्या माणसाविरुद्ध असली, की ती तिथेच विरून जाई.

६/ ब्रिटिश कायद्याने स्त्रियांचा विचार मुळीच केला नव्हता असे नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत स्त्रीची झडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यावी, असे कलम होते. तिच्या अंगाला परक्या पुरुषाचा हात लागू नये, एवढी काळजी कायद्याने घेतली. तिचे म्हणणे कोणी, कुठे आणि कोणासमोर लिहून घ्यावे, याबाबत मात्र कायदा गप्प राहिला. पुढचा सगळा लढा याच रिकाम्या जागेचा आहे.

७/ कायद्याचा स्वतःच्या पोलिसांवर किती विश्वास होता, तेही पाहण्यासारखे आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ सांगत होते, की पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. बंद खोलीत पोलिसांसमोर वदवून घेतलेल्या शब्दाची किंमत कायदेमंडळाला ठाऊक होती. आरोपीला त्याने हे कवच दिले. फिर्यादी स्त्रीसाठी तसे काही सुचायला आणखी शंभर वर्षे लागली.

८/ मधल्या काळात या भागाने आणखी एक संघर्ष पाहिला. १९४२ मध्ये माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम घेतली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले.

९/ या लढ्याचा इतिहास आपण हुतात्म्यांच्या बाजूने वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण एकदा वाडीच्या बाजूनेही वाचावा. रानातल्या माणसांचा माग काढणारा पोलीस घरात शिरतो तो माहिती काढण्यासाठी. पुरुष रानात असले की प्रश्न घरातल्या बाईला विचारले जातात. अशा काळात ठाणे ही मदत मागण्याची जागा राहत नाही. लढा संपला, सरकार बदलले, तरी मनात बसलेले ठाणे चटकन बदलत नाही.

१०/ कायद्याचा सांगाडाही फारसा बदलला नाही. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा स्वतंत्र भारतातला असला, तरी त्याची रचना जुन्याच दलाची होती. नागरिक मतदार झाला होता. ठाण्याची खोली होती तशीच होती. त्या खोलीत एकट्या पडलेल्या बाईचे काय होऊ शकते, हे देशाला कळले ते कर्जतपासून शेकडो मैल दूर, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला.

११/ २६ मार्च १९७२ ची रात्र. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजचे पोलीस ठाणे. मजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीला, तिच्याच भावाने दिलेल्या तक्रारीच्या संदर्भात, जबाबासाठी बोलावले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवले गेले आणि तिला थांबायला सांगितले गेले. ठाण्यातील दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तिची फिर्याद होती. कायद्याच्या पुस्तकांत तिचे नाव आजही छापले जाते. या धाग्यात ते मुद्दाम घेतलेले नाही.

१२/ सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात दोघांना पुन्हा निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, याचा अर्थ न्यायालयाने संमती असा लावला.

१३/ १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती या एकच गोष्टी नव्हेत, हा त्याचा गाभा होता. रात्रीची वेळ, सरकारी इमारत, बंद दार आणि समोर वर्दी असताना मुलीने आरडाओरडा करावा, ही अपेक्षाच कोणत्या जगातली? १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या.

१४/ आंदोलनाचे फळ म्हणजे १९८३ ची कायदादुरुस्ती. पोलीस कोठडीतील बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले : कोठडीतल्या अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि स्त्री ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे. कलम २२८-अ ने पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरवला.

१५/ त्याच वर्षी, १५ फेब्रुवारी १९८३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून न्यायालयाला पत्र लिहिले होते. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. न्यायालयाने आदेश दिले : स्त्री संशयितांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा, चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच, आणि न्यायाधीशांनी अचानक येऊन कोठड्या पाहाव्यात.

१६/ या आदेशात पोलिसांच्या मनोवृत्तीवर प्रवचन नाही. खोलीत कोण असेल, दार कोण उघडू शकेल आणि बाहेर कोणाला खबर जाईल, एवढेच त्यात ठरवून दिले आहे. माझ्या मते पोलिसांचे खरे शिक्षण इथून सुरू झाले. माणूस चांगला असेल या भरवशावर न राहता, वाईट माणसालाही नीट वागावे लागेल अशी खोली घडवायची.

१७/ पुढच्याच वर्षी त्या खोलीत एक नवी खुर्ची आली. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कक्षातल्या समाजकार्यकर्त्या पोलीस नव्हत्या, पण बसत पोलिसांच्याच इमारतीत. बाईला आधी त्या भेटत, तिची हकिगत ऐकत, मग तक्रार नोंदवण्यासाठी सोबत जात. शेजारच्या टेबलावर हे रोज घडत असताना पोलिसांचेही शिक्षण होत होते. राज्य सरकारने ही पद्धत पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत नेली.

१८/ आता संयुक्त राष्ट्रांकडे वळू. ३१ ऑक्टोबर २००० च्या ठराव १३२५ ने संघर्षोत्तर प्रदेशांत स्त्रियांच्या सुरक्षेचा विषय सुरक्षा परिषदेच्या पटलावर आणला. जानेवारी २००७ मध्ये भारताने यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या लायबेरियात केंद्रीय राखीव पोलीस दलाची शंभराहून अधिक महिलांची तुकडी पाठवली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली ही पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी. नेतृत्व सीमा धुंडिया यांचे होते.

१९/ या तुकडीचे कौतुक रास्तच आहे. रस्त्यावर बंदूकधारी स्त्रिया दिसल्या आणि तिथल्या मुलींना पोलिसात जावेसे वाटले. पण तुकडीचे काम पहाऱ्याचे व बंदोबस्ताचे होते. जबाब घेणे हे स्थानिक पोलिसांच्या महिला व बालसंरक्षण विभागाचे काम, आणि लैंगिक गुन्ह्यांसाठी वेगळे न्यायालय राजधानी मन्रोव्हियात २००८ मध्ये निघाले. वर्दीतली बाई दिसणे आणि बाईची फिर्याद शेवटास जाणे यांतले अंतर तिथेही उरलेच.

२०/ आपल्याकडे हा विषय आज पुन्हा जिवंत आहे. ते देसाईगंज १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे, आणि त्या जिल्ह्याने चार दशके नक्षल संघर्ष सोसला. ऑक्टोबर २०२५ मध्ये वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह तिथेच शस्त्रे खाली ठेवली. बंदुका शांत झाल्यावर गावात पोलीस ठाणे उरते. इतकी वर्षे शत्रू शोधणाऱ्या दलाला आता फिर्याद ऐकायची आहे. घाटपायथ्याच्या वाड्यांचा जुना प्रश्न आता त्या जंगलात उभा आहे.

२१/ मग कर्जत-खालापुरात आज काय स्थिती आहे? कायद्याची बाजू भक्कम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार लैंगिक गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. साक्षीसाठी स्त्रीला ठाण्यात बोलवायचे नाही, तिच्या घरी जायचे. असा गुन्हा नोंदवण्यास नकार देणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली तुरुंगवास आहे.

२२/ यातली एक तरतूद या भागासाठी फार मोलाची आहे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्या-कोळसाभट्ट्यांवर परजिल्ह्यात जातात आणि पावसाळ्याआधी परततात. भट्टीवर अत्याचार झाला तर बाई फिर्याद कुठे देणार? तिथे मालकाची उचल अंगावर, आणि इथे परतल्यावर ‘ही हद्द आमची नाही’ हे उत्तर. कलम १७३ प्रमाणे हे उत्तर आता बेकायदा आहे. गुन्हा कुठेही घडो, कर्जत, नेरळ, खोपोली किंवा खालापूर, कोणत्याही ठाण्याला फिर्याद लिहून घ्यावीच लागते आणि तिची प्रत मोफत द्यावी लागते.

२३/ उणीव आहे ती खुर्चीची. विशेष कक्षासारखी सोय मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि आपले जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. वाडीवरून तिथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची आणि गाडीभाडेही सोसायचे. महिला अधिकारी एकच असेल आणि ती बंदोबस्ताला गेली असेल, तर कलम पुस्तकातच राहते.

२४/ बोरघाट चढून गेले की खंडाळ्याला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या वर्गात संवेदनशीलतेचे धडे जरूर व्हावेत. पण गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगतो, की पोलीस व्याख्यानाने थोडे शिकतो आणि खोलीतल्या तिसऱ्या माणसाकडून पुष्कळ शिकतो. म्हणून मागणी साधी असावी : तालुक्याच्या ठाण्यात, ठरलेल्या दिवशी तरी, पोलीस नसलेली आणि वाडीची बोली समजणारी एक कार्यकर्ती.

२५/ ती मिळेपर्यंत हे काम आपल्यापैकी कुणीही करू शकते. वाडीतली कुणी ठाण्यात निघाली, तर शिक्षिकेने, आशाताईने किंवा शेजारणीने सोबत जावे, फिर्याद तिला वाचून दाखवायला सांगावी आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नये. देसाईगंजच्या त्या रात्री सोबतच्यांना बाहेर पाठवले गेले होते. आज कुणी ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हणाले, तर कारण विचारावे.

(धागा समाप्त. आपल्या तालुक्यातील शिक्षिका, आशाताई आणि पोलीस पाटील यांच्यापर्यंत जरूर पोचवा.)