मॉडेल उलटलं, म्हणून गलबतही उलटत होतं का?

इतिहासात पीएच.डी. करतेय आणि गंगापूर रोडवरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत लाकडी जहाज बनवतेय, हे एकाच दमात सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "याचा थिसिसशी काय संबंध?" तुम्हीही रिसर्च प्रपोजल लिहायच्या तयारीत असाल, तर हा प्रश्न तुमच्यासाठीही आहे. माझ्याकडून जी चूक होता होता राहिली, तीच आज सांगते.

विषय आहे अठराव्या शतकातलं मराठा आरमार. कागदपत्रांत गुराबा आणि गलबतांची नावं येतात, माणसं, तोफा, खर्च येतो. पण मला हवा होता तो बांधणीचा नकाशा काही हाती लागला नाही. मग आधार कोणाचा? रॉबर्ट ऑर्मचा. हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ साली आला. १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला, त्या प्रसंगाच्या ओघात तो किनाऱ्यावरच्या जहाजांचं वर्णन करतो. गलबत म्हणजे मोठी वल्ह्यांची होडी, सहसा ७० टनांच्या वर नाही. दोन डोलकाठ्या. मोठ्या डोलकाठीवर एकच, पण भलं मोठं त्रिकोणी शीड, ज्याचं टोक काठीच्याही बरंच वर जातं. चाळीस-पन्नास वल्ही, आणि ताशी चार मैल वेग.

माहिती बरीच वाटते ना? आता हातात करवत घ्या. पहिल्याच दिवशी अडाल. लांबी किती? ऑर्म सांगत नाही. तळाचा आकार? नाही. डोलकाठी नेमकी कुठे? नाही. आणि त्याचा 'टन' म्हणजे जहाजाचं वजन नव्हे, त्या काळी टन हे माल भरण्याच्या क्षमतेचं माप होतं. वाचताना या फटी दिसत नाहीत, कारण वाक्य पूर्ण असतं. लाकूड मात्र अर्धवट वाक्यावर उभं राहत नाही.

म्हणून मी वहीत तीन रंग ठेवले. साधनात स्पष्ट आहे ते हिरव्या पेनाने. दुसऱ्या साधनावरून किंवा कोकणातल्या जुन्या लाकडी होड्यांवरून काढलेलं अनुमान निळ्याने. आणि निव्वळ माझी सोय, ती लाल. लांबी १८ मीटर धरली: लाल. भरलेल्या जहाजाचं वजन ६४ टन धरलं: तेही लाल. प्रमाण १:२०. म्हणजे मॉडेल ९० सेंटिमीटर लांब. वजन मात्र वीसपट कमी होत नाही. लांबी, रुंदी, खोली तिन्ही वीसने भागल्या जातात, म्हणून वजन ८००० पट कमी. ६४ टनांचे झाले ८ किलो.

प्लायवूडच्या फ्रेम कापल्या, त्यावर लाकडाच्या पातळ पट्ट्या एकेक करून चिकटवल्या, आतून-बाहेरून इपॉक्सी दिलं. आत रिसीव्हर, बॅटरी आणि दोन सर्वो: एक सुकाणूला, एक शिडाच्या दोरीला. रेडिओने होडी चालवणं तसं जुनंच. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छोटी होडी बिनतारी चालवून दाखवली होती आणि त्याच वर्षी पेटंटही घेतलं होतं. मला रेडिओ हवा होता तो एवढ्यासाठी, की दोरीने ओढलेलं जहाज वाऱ्याला कसं वळतं ते कळत नाही.

चाचणी घेतली गिरणारेच्या बाजूला, मैत्रिणीच्या द्राक्षबागेतल्या शेततळ्यात. दुपारची वेळ, ताशी १८ किलोमीटरच्या आसपास वारा. शीड भरलं आणि दहा सेकंदांत मॉडेल आडवं झालं. तीनदा सोडलं, तीनदा उलटलं.

त्या रात्री मी प्रकरणात लिहून टाकलं: मोठ्या त्रिकोणी शिडामुळे गलबतं जोराच्या वाऱ्यात अस्थिर असावीत, म्हणूनच ती खाड्यांच्या आसऱ्याने राहत असावीत. किती छान बसलं होतं! प्रयोग, कारण, निष्कर्ष, सगळं एका परिच्छेदात.

गाईड सरांनी वाचलं आणि एकच विचारलं, "जहाज वीसपट लहान केलंस. वारा लहान केला होतास का?"

इथे जरा थांबा, कारण मुद्दा इथेच आहे. वारा शिडाला ढकलून जहाज कलवतो. शिडाचं क्षेत्रफळ ४०० पट कमी, त्याची उंची २० पट कमी, म्हणजे कलवणारा जोर ८००० पट कमी झाला. जहाजाला पुन्हा सरळ करतं ते त्याचं वजन. वजन ८००० पट कमी, त्याची तरफ २० पट कमी, म्हणजे सरळ करणारा जोर १,६०,००० पट कमी. वारा तोच राहिला, तर मॉडेल मूळ जहाजापेक्षा वीसपट दुबळं. विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याने १८७०च्या दशकात टॉर्की इथल्या टाकीत जहाजांची मॉडेल ओढून जो नियम पक्का केला, त्यानुसार वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने बदलायचा. २० चं वर्गमूळ साधारण ४.५. म्हणजे शेततळ्यावरची ती झुळूक माझ्या मॉडेलला ताशी ८० किलोमीटरच्या वादळासारखी होती. वादळात शीड पूर्ण उघडून कोणता तांडेल निघेल?

पुढच्या खेपेला पहाटे गेलो. वारा ताशी ४ किलोमीटर. मॉडेल थोडं कललं, सावरलं आणि शांतपणे तळं पार करून गेलं.

मग आता लिहू का, की गलबतं स्थिर होती? नाही. कारण वजन तळाशी कुठे ठेवायचं ते मी ठरवलं होतं, लाल पेनाने. बॅटरी दोन बोटं वर ठेवली असती तर उत्तर बदललं असतं. मॉडेलने काहीच सिद्ध केलं नाही. त्याने फक्त माझं एक चुकीचं वाक्य खोडलं. पण ते वाक्य छापून आलं असतं, तर पुढच्या कोणीतरी ते 'प्रयोगाने सिद्ध' म्हणून उचललं असतं.

हेच काम नीट कसं होतं ते पाहायचं असेल, तर नौदलाचं आयएनएसव्ही कौंडिण्य पाहा. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बांधलेलं, फळ्या दोरीने शिवलेलं हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याचाही नकाशा नव्हता. म्हणून आधी आयआयटी मद्रासमध्ये मॉडेलच्या जलचाचण्या झाल्या, आणि मग गोव्यात कारागिरांनी ते पूर्ण आकारात शिवलं.

तुमचा विषय जहाजांचा नसेलही. शेतसारा असेल, लोकगीतं असतील. तरी उद्या प्रपोजल उघडा आणि त्यात तीन रंग भरून बघा. लाल रंग दिसला म्हणून घाबरू नका, तो सगळ्यांकडे असतो. तुमचा सगळ्यात आवडता निष्कर्ष लाल वाक्यावर उभा आहे का, एवढं मात्र तपासा. माझा होता.