वेंगुर्ल्याचे खडक आणि एका घरट्याचा इतिहास

इतिहास शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास समुद्र म्हटला कीं आरमार आठवतें, आणि बेट म्हटलें कीं जंजिरा. माझ्या या जुन्या सवयीस गेल्या फाल्गुनांत धक्का बसला. महाविद्यालयांतील जीवशास्त्राच्या एका स्नेह्यानें आग्रह धरला, म्हणून पहांटे तीनच्या सुमारास मंगळवार पेठेंतील मिरजकर तिकटीपासून आम्ही मोटारीनें निघालों. राधानगरी, दाजीपूर मागें टाकून फोंडा घाट उतरलों, आणि सकाळीं निवतीच्या किनाऱ्यावर होडींत बसलों. जावयाचें होतें वेंगुर्ल्याच्या खडकांकडे. इंग्रजांनीं यांना ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकीं बेटें, असेंही नांव दिलें होतें.

वाटेंत गाद्यांचा एक कळप होडीच्या उजव्या अंगानें उसळत गेला. मग क्षितिजावर दीपगृह दिसलें, आणि त्याच्या आसपास पाण्यांतून सरळ वर आलेले ओके-बोके खडक. लाटांनीं त्यांच्या पायथ्याशीं गुहा कोरल्या आहेत. पाणी आंत शिरतें आणि तोफेसारखा आवाज करून बाहेर येतें. तांडेलानें होडी एका गुहेच्या तोंडाशीं नेली, पण उतरूं दिलें नाहीं. “लाट बरी नाय, मास्तरांनू, हंयसूनच बघा,” एवढेंच तो म्हणाला.

गुहेच्या तोंडाशीं शेंकडों पाकोळ्या आंत-बाहेर करीत होत्या. १८४० सालीं जर्डन यानें जिचें शास्त्रीय वर्णन केलें, तीच ही पाकोळी. गुहेच्या गर्द अंधारांत ती ‘टक् टक्’ असा ध्वनि काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते. घरटें बांधते तें स्वतःच्या लाळेचें. त्यांत थोडीं पिसें व गवत मिसळलेलें असतें. तें वाळलें म्हणजे अर्ध्या वाटीसारखें भिंतीस चिकटून राहतें, आणि त्यांत दोन अंडीं घातलीं जातात. चिनी लोकांस अशा घरट्यांचें सार फार प्रिय; या लहानशा पांखराचा मनुष्याच्या व्यापाराशीं संबंध जडला तो यामुळेंच.

समोरच्या किनाऱ्याचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांस शह देण्यासाठीं डचांनीं १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्यास वखार घातली. १६६४ मध्यें तेथें बंड झालें तेव्हां शिवाजीमहाराजांनीं तें गांव जाळलें. १८१२ सालीं सावंतवाडीकडून तें इंग्रजांस मिळालें. या सर्वांचीं गलबतें याच खडकांजवळून गेलीं असतील. पण नाखव्यांच्या लेखीं ते केवळ चुकवावयाचे खडक होते. पुढें एकोणिसाव्या शतकांत तेथील घरटीं काढण्याचा मक्ता सरकारांतून दिला जाऊं लागला, आणि पाकोळी दप्तरांत आली ती महसुलाची एक बाब म्हणून. जें विकलें जातें, त्याचीच नोंद होते!

सुदैवानें दुसरी एक नोंदही आहे. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतों ते ह्यूम १८७५ सालीं पक्ष्यांच्या शोधांत येथें आले होते. व्हिडाल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें १८८० मध्यें दक्षिण कोंकणच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. १९४० नंतर हुमायून अब्दुलअली यांनीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत या पाकोळ्यांवर आणि येथें वीण घालणाऱ्या सुरय पक्ष्यांवर लेख लिहिले.

परत येतांना आमचा वाद झाला. माझें म्हणणें असें होतें कीं, मक्तेदार कितीही लोभी असला तरी पुढच्या वर्षीं घरटीं मिळावीं म्हणून थोडीं तरी राखीत असेल. चोरास पुढचें वर्षच नसतें. स्नेही म्हणाले, “तुम्ही पाकोळीचा हिशेब मांडलाच नाहीं. घरटें काढून नेलें कीं तिला पुन्हां लाळ जमवावी लागते, अंडीं लांबतात, आणि पाऊस तर कोणाकरितां थांबत नाहीं. राखलेलें घरटें मक्तेदाराला दिसतें; फुकट गेलेली वीण कोणत्या वहींत चढते?” यावर मला उत्तर सुचलें नाहीं. मक्त्याचा काळ सरल्यावरही घरट्यांची चोरी होत राहिली. या शतकाच्या आरंभीं चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्गमित्र’ या संस्थेनें तिला आळा घालण्याचें काम हातीं घेतलें, ही समाधानाची गोष्ट. मात्र १९८७ मध्यें मालवणचें सागरी अभयारण्य झालें, त्याच्या सीमेंत हे खडक आले नाहींत.

रात्रीं उशिरां पेठेंत परतलों. दुसरे दिवशीं वर्गांत कोंकणच्या बंदरांचा धडा होता. डचांची वखार सांगून झाल्यावर मीं फळ्यावर किनारा काढला, आणि तीस वर्षांत प्रथमच त्याच्या पश्चिमेस, समुद्रांत, कांहीं ठिपके दिले. “सर, हा कोणता किल्ला?” एका विद्यार्थ्यानें विचारलें. त्या दिवशींचा उरलेला तास त्याच प्रश्नाच्या उत्तरांत गेला.