ट्रायकॉन्टॅनॉल

कृषी सेवा केंद्रातल्या वाढवर्धकाच्या बाटलीवर हे नाव असतं. टक्केवारी अगदी किरकोळ, ०.०५ किंवा ०.१. नाव मात्र जीभ अडखळवणारं. ते सोडवून पाहावं.

‘ट्रायकॉन्टा’ म्हणजे ग्रीकमध्ये तीस. संस्कृत ‘त्रिंशत्’ त्याच कुळातला आणि आपला ‘तीस’ त्यातूनच घरंगळत आलेला. या रेणूत एका सरळ साखळीत तीस कार्बन असतात, म्हणून हे नाव. शेवटचं ‘ऑल’ अल्कोहोलचं. अल्कोहोल आला अरबी ‘अल्-कुहल’वरून, म्हणजे डोळ्यांत घालायच्या बारीक पुडीच्या सुरम्यावरून. अल्कोहोल असूनही हा पदार्थ पांढरा, घट्ट मेणासारखा असतो आणि पाण्यात विरघळत नाही.

त्याचं जुनं नाव मला जास्त आवडतं: मेलिसिल अल्कोहोल. ‘मेलिसा’ म्हणजे ग्रीकमध्ये मधमाशी. मधमाशीच्या मेणात तो पामिटिक आम्लाशी जोडलेला सापडतो. एका नावात माशी आहे, दुसऱ्यात नुसती मोजदाद.

लसूणघासाच्या मेणातून तो १९३३ साली वेगळा केला गेला. तरीही पिकांवरचा त्याचा परिणाम उजेडात यायला १९७७ उजाडलं. अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टॅन्ली रीस यांच्या गटाने टोमॅटोच्या रोपांजवळ लसूणघासाचा चुरा घातला होता आणि उत्पन्न वाढलं. शोध घेता घेता ते याच रेणूपाशी पोहोचले. बाटलीवरचं नाव तिथून आपल्या शिवारात आलं.