औषधी गांजाची घरातील साठवण

औषधाची बाटली तीन कामे करते. आतील द्रव्याला ती प्रकाश, हवा आणि दमटपणा यांपासून जपते. लहान मुलांच्या हातांना ती सहजासहजी उघडू देत नाही. आत काय आहे, किती आहे आणि कोणासाठी आहे, हेही तीच सांगते. घरी आणलेले औषध मूळ बाटलीतून दुसऱ्या डब्यात काढले, की ही तिन्ही कामे एकाच क्षणी थांबतात. पॅरासिटामॉलच्या गोळ्यांपासून इन्सुलिनपर्यंत सर्वच औषधांना हे लागू पडते. डॉक्टरांच्या लेखी परवानगीने घेतल्या जाणाऱ्या गांजाच्या बाबतीत मात्र त्याचे परिणाम अधिक गंभीर असतात.

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची मुले-नातवंडे आज कॅनडात स्थायिक आहेत आणि आजी-आजोबा तेथे महिनोन् महिने मुक्कामाला जातात. ज्या घरात कोणी कर्करोगाच्या उपचारांमुळे होणाऱ्या मळमळीवर, मज्जासंस्थेच्या वेदनांवर वा मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंच्या ताठरपणावर हे औषध घेत आहे, तेथे ते कशात आणि कोठे ठेवावे हा प्रश्न रोजचाच असतो. म्हणून कॅनडातील व्यवस्थेच्या आधारे या प्रश्नाची ही माहिती.

कॅनडातील व्यवस्था

कॅनडात रुग्णांना गांजा बाळगण्याची कायदेशीर मुभा २००१ पासून आहे. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनाबिस कायदा अमलात आला आणि प्रौढांसाठी सर्वसाधारण विक्रीही खुली झाली. रुग्णांसाठीची स्वतंत्र व्यवस्था मात्र कायम राहिली. डॉक्टर अथवा नर्स प्रॅक्टिशनर रुग्णाला दिवसाकाठी किती ग्रॅम लागेल ते लिहून देतात. हा कागद जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. त्यावर रुग्ण परवानाधारक विक्रेत्याकडे नाव नोंदवतो आणि माल घरपोच येतो.

हा माल मुख्यतः तीन रूपांत येतो : वाळवलेली फुले, तेल आणि तेलाच्या कॅप्सूल, व खाण्याचे पदार्थ. वेष्टण लहान मुलांना सहज उघडता येऊ नये, असा नियम आहे. त्यावर टीएचसी आणि सीबीडी या दोन प्रमुख द्रव्यांचे प्रमाण, पिवळ्या चौकटीतील धोक्याची सूचना आणि नशा आणणारे द्रव्य असल्यास पानाचे लाल अष्टकोनी चिन्ह छापलेले असते.

औषध कशामुळे बिघडते?

गांजाच्या साठवणीविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास लंडन विद्यापीठाच्या औषधनिर्माण विद्यालयातील फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला. औषधी द्रव्यांच्या ऱ्हासाला सर्वांत अधिक कारणीभूत ठरतो तो प्रकाश, असे त्यांना आढळले. त्यासाठी थेट ऊन लागत नाही. खोलीतील उजेडही पुरतो. द्रावणाच्या रूपात हा ऱ्हास विशेष जाणवतो. दुसरे कारण हवा. हवेतील ऑक्सिजनमुळे टीएचसीचे रूपांतर हळूहळू कॅनाबिनॉल या दुसऱ्याच द्रव्यात होते. फुलांवरील राळेच्या सूक्ष्म ग्रंथी जोवर शाबूत असतात, तोवर त्या स्वतःच झाकणबंद कुपीसारखे काम करतात. फुले चुरगळली की हे संरक्षण संपते. नीट तयार केलेला माल अंधारात, साध्या खोलीच्या तापमानाला एक ते दोन वर्षे बऱ्यापैकी टिकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात रॉस आणि एल्सोहली यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दिलेले आकडेही बोलके आहेत. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या नमुन्यांतील टीएचसी एका वर्षात सरासरी सुमारे १७ टक्क्यांनी, तर चार वर्षांत सुमारे ४१ टक्क्यांनी घटले होते. ज्याला ठरावीक मात्रेने वेदना आवरायच्या आहेत, त्याच्या दृष्टीने ही घट म्हणजे मात्रेतील बदलच होय.

तिसरा शत्रू दमटपणा. फुले ओलसर झाली तर त्यांवर बुरशी येते. केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असते. त्याच्या फुफ्फुसांत अशा बुरशीचे बीजाणू गेल्यास जिवावर बेतू शकते. याउलट कॅनडाच्या हिवाळ्यात घरातील हीटरमुळे हवा अतिशय कोरडी होते आणि फुलांचा भुगा होतो. त्यामुळे अनेक जण डब्यात आर्द्रता सुमारे ५८ ते ६२ टक्के राखणारी छोटी पाकिटे ठेवतात.

लोक डबा का बदलतात?

मूळ वेष्टण सोडून दुसरा डबा घेण्यामागची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. फुलांच्या पिशवीतून येणारा उग्र वास घरभर पसरतो. पाहुण्यांसमोर ते वेष्टण नको वाटते. सर्वांत खरे कारण मात्र वेगळेच आहे : ज्येष्ठ रुग्णांना ती झाकणे उघडतच नाहीत. संधिवाताने बोटे वाकलेल्या आजींना तळहाताने दाबून फिरवायचे झाकण म्हणजे रोजची शिक्षा. मग एकदा कोणाकडून तरी उघडून घेतलेले औषध सोप्या डब्यात जाते आणि तेथेच राहते.

ही झाकणेसुद्धा कॅनडाचीच देणगी आहे. ऑन्टारिओ प्रांतातील विंडसर येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री ब्रो यांनी मुलांमधील विषबाधेच्या घटनांनी अस्वस्थ होऊन १९६७ साली असे झाकण प्रचारात आणले. अमेरिकेने १९७० मध्ये त्यासाठी कायदा केला. तेथील चाचणीत साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना झाकण दिले जाते. ते कसे उघडायचे हे दाखवल्यानंतरही किमान ८० टक्के मुलांना ते उघडता येता कामा नये, आणि ५० ते ७० वर्षांच्या प्रौढांपैकी ९० टक्क्यांना ते उघडता आले पाहिजे, अशी अट असते. याचा दुसरा अर्थ असा, की चाचणीत उत्तीर्ण झालेले झाकणही पाचांतील एका मुलाला उघडता येऊ शकते. झाकणामुळे मोठ्यांना सावध व्हायला वेळ मिळतो, एवढेच. त्यावर विसंबून बाटली टेबलावर ठेवणे बरोबर नाही.

पर्यायी डब्यांचे गुणदोष

काचेची बरणी : काच औषधाशी कोणतीही प्रक्रिया करत नाही आणि घट्ट झाकणाने वासही अडतो. मात्र बरणी तपकिरी वा गडद रंगाची असावी. लोणच्याची पारदर्शक बरणी वापरायची असेल, तर ती बंद कपाटातच ठेवावी. थोड्या फुलांसाठी मोठी बरणी घेऊ नये. रिकाम्या जागेत हवा राहते.

स्टेनलेस स्टीलचा डबा : यात प्रकाश शिरत नाही. परंतु आपल्या नेहमीच्या डब्यांची झाकणे हवाबंद नसतात. आट्याचे झाकण आणि रबरी कडे असलेली डबी घ्यावी.

प्लास्टिकची पिशवी वा डबी : फुलांवरील राळ प्लास्टिकला चिकटते. टीएचसी हे तेलात विरघळणारे द्रव्य असल्याने ते प्लास्टिकच्या पृष्ठभागावर बसते. तेल तर प्लास्टिकच्या बाटलीत कधीच ओतू नये.

आठवड्याच्या गोळ्यांची कप्पेदार डबी : तेलाच्या कॅप्सूल अशा डबीत काढण्याचा मोह होतो. अशी डबी मूलही उघडू शकते आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन कॅप्सूलांची गल्लत होते. तशी वापरायचीच असेल, तर ती डबी कुलपात असावी.

बिस्किटांचा वा मुखवासाचा डबा : हा पूर्णपणे वर्ज्य. या डब्यांत खाऊ असतो, हे घरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

तेलाच्या बाबतीत नियम सोपा आहे : ते मूळ बाटलीतून हलवूच नये. मोजणीची सिरिंज त्याच बाटलीच्या प्रमाणाशी जुळवलेली असते. कारखान्यात तयार झालेल्या औषधांना तर स्वतःच्या अटी असतात. अपस्मारावरील शुद्ध सीबीडीच्या एपिडायोलेक्स या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. त्याची बाटली उभी ठेवावी आणि उघडल्यापासून १२ आठवड्यांत संपवावी, असे तिच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. दुसऱ्या बाटलीत ओतलेल्या औषधाची ही मुदत कोण लक्षात ठेवणार?

फ्रीजबाबतही गैरसमज आहे. फुले फ्रीजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढताच त्यांवर पाणी धरते. गोठवल्यास राळेच्या ग्रंथी ठिसूळ होऊन झडतात. ज्या औषधाच्या लेबलवर थंड जागेची अट असेल तेच फ्रीजमध्ये ठेवावे, आणि तेही कुलूपबंद छोट्या पेटीत.

मुलांचा प्रश्न

खाण्याच्या गांजायुक्त पदार्थांना कॅनडात १७ ऑक्टोबर २०१९ पासून कायदेशीर मान्यता मिळाली आणि नंतर ते दुकानांत आले. ऑन्टारिओतील दहा वर्षांखालील मुलांविषयीचा एक अभ्यास जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चुकून गांजा पोटात गेल्याने रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आणाव्या लागलेल्या मुलांची मासिक सरासरी, हे पदार्थ बाजारात आल्यानंतर, कायदेशीर विक्रीपूर्वीच्या काळाच्या सुमारे नऊपट झाली होती. यात औषधी आणि अन्य असा दोन्ही प्रकारचा गांजा येतो. घरातील मुलाला तो फरक कळत नाही.

खाद्यपदार्थाच्या एका पाकिटात १० मिलीग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी असू नये, अशी तेथे मर्यादा आहे. तेलासारख्या अर्काच्या एका बाटलीत मात्र १,००० मिलीग्रॅमपर्यंत टीएचसी असू शकते. म्हणजे मिठाईच्या पाकिटापेक्षा रुग्णाच्या उशाशी असलेली तेलाची बाटली कितीतरी अधिक जपायला हवी.

आपल्या घरांत एक धोका आणखी संभवतो. काही रुग्ण फुले तुपात उतरवून घेतात. असे तूप नेहमीच्या तुपाच्या भांड्याशेजारी राहिले, तर पोळीवर कोणते वाढले गेले हे नंतर सांगता येत नाही. खाल्लेल्या गांजाचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. मूल अकारण पेंगुळलेले दिसले, चालताना तोल जाऊ लागला वा श्वास मंदावला, तर लाजेपोटी गप्प न राहता डॉक्टरांना खरे काय ते सांगावे. कॅनडात क्वेबेक वगळता अन्यत्र विषबाधा केंद्राचा १-८४४-७६४-७६६९ हा सामायिक क्रमांक आहे. मूल बेशुद्ध असल्यास ९११.

कायदा आणि प्रवास

सार्वजनिक ठिकाणी प्रौढ व्यक्तीला ३० ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा बाळगता येतो. नोंदणीकृत रुग्णाला त्याखेरीज ३० दिवसांचा साठा किंवा १५० ग्रॅम, यांपैकी जे कमी असेल तेवढ्याची मुभा आहे. हा हक्क सिद्ध होतो तो कागदपत्रांवरून. नाव नसलेल्या डब्यातील फुले कोणाची, हे तोंडी सांगून भागत नाही. ऑन्टारिओत मोटारीतून नेताना माल न उघडलेल्या मूळ वेष्टणात, किंवा बंद केलेल्या वा सहज हाती न लागणाऱ्या सामानात असावा लागतो.

देशाची सीमा ओलांडताना मात्र डॉक्टरांचा कागदही उपयोगी पडत नाही. कॅनडातून गांजा बाहेर नेणे आणि आत आणणे दोन्ही गुन्हे आहेत. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा आणि चरस यांची आयात हा गंभीर गुन्हा ठरतो. परतीच्या सामानात चुकून राहिलेली एक डबीही महागात पडेल. म्हणून निघण्यापूर्वी बॅगा स्वतः तपासाव्यात.

आपल्याकडे या वनस्पतीची पाने, म्हणजे भांग, त्या कायद्यातील व्याख्येबाहेर आहेत आणि आयुर्वेदात ‘विजया’ या नावाने ती औषधांत वापरली जाते. अशा औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना बंधनकारक आहे. महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचेही नियंत्रण आहे. तेव्हा येथेही वैद्यांची चिठ्ठी आणि लेबलसह मूळ बाटली जपून ठेवणे हिताचे.

काय करावे?

* शक्यतो मूळ वेष्टण बदलू नये. ते वेष्टणच कुलूपबंद पेटीत ठेवावे. वास अडवण्यासाठी पेटीला रबरी कडा असाव्यात.
* झाकण उघडणे जड जात असेल, तर सोप्या झाकणाची गडद बरणी घ्यावी आणि ती आकडे फिरवून उघडणाऱ्या कुलपाच्या पेटीत ठेवावी. मुलांपासूनचे रक्षण मग पेटी करील.
* डबा बदललाच, तर त्यावर औषधाचे नाव, टीएचसी-सीबीडीचे प्रमाण, रुग्णाचे नाव, मूळ मुदत आणि बदलल्याची तारीख लिहावी. मूळ लेबल कापून आत ठेवावे.
* जागा कोरडी, अंधारी आणि थंडसर असावी. न्हाणीघर, शेगडीजवळचे फडताळ आणि मोटार या जागा टाळाव्यात.
* एका वेळी थोडाच साठा मागवावा. जुना साठा पाण्यात कालवून, वास मारण्यासाठी मांजराच्या वाळूत मिसळून, पिशवी बांधून कचऱ्यात टाकावा.
* आजी-आजोबा वा पाहुणे मुक्कामाला येतील तेव्हा त्या पेटीत काय आहे, हे त्यांना स्पष्ट सांगावे.

शेवटची सूचना अनेकांना अवघड वाटते. आजाराविषयी बोलणे एक वेळ जमते, पण गांजाचे नाव घरात उच्चारणे जड जाते. तथापि औषध लपवण्यासाठी ते खाऊच्या डब्यात ठेवणे, हाच घरातील सर्वांत मोठा धोका आहे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाला औषधासारखेच वागवावे : नाव लिहून, कुलपात आणि घरातील मोठ्यांच्या माहितीत.