आल्प्समधील भूकंपलेखक जाळी
आल्प्स पर्वत आणि त्याच्या दक्षिणेची पो नदीची द्रोणी यांच्याखालील भूकवचाची व प्रावरणाची रचना जाणून घेण्यासाठी थोड्याथोड्या अंतरावर उभारलेल्या भूकंपलेखक केंद्रांचा समूह. पर्वताचे मूळ व द्रोणीचा तळ प्रत्यक्ष पाहता येत नाहीत. त्यांतून जाणाऱ्या भूकंप तरंगांचा वेग व आगमनकाळ यांवरूनच त्यांचे अनुमान करावे लागते आणि ते अनुमान केंद्रांमधील अंतराहून फारसे बारीक असू शकत नाही.

पर्वतांना खोल मुळे असतात ही कल्पना जॉर्ज एरी यांनी 1855 मध्ये मांडली. तिचे निमित्त हिमालयाजवळील सर्वेक्षणात आढळलेले ओळंब्याचे विचलन हे होते. भूकंप तरंगांचा पुरावा मात्र आल्प्सच्या परिसरातून मिळाला. 8 ऑक्टोबर 1909 रोजी झाग्रेबनजीक कूपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी निरनिराळ्या वेधशाळांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा काही ठिकाणी प्राथमिक तरंग दोनदा आलेले दिसले. सु. 54 किमी. खोलीवर तरंगवेग एकदम वाढत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भूकवचाच्या या तळास पुढे त्यांचेच नाव मिळाले. पूर्व आल्प्समधील 1923 च्या टाउएर्न भूकंपावरून व्हिक्टर कॉनराड यांनी कवचांतर्गत आणखी एक सीमा 1925 मध्ये दाखविली. मोजक्या व दूरदूरच्या वेधशाळांवर एवढे साधले, हे आजही नवलाचे वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्फोट घडवून सरळ रेषांवर मापने होऊ लागली. 1975 मध्ये पर्वताच्या लांबीला अनुसरून अशी एक मोठी रेषा घेण्यात आली. पुढच्याच वर्षी, 6 मे 1976 रोजी, ईशान्य इटलीतील फ्रिऊली येथे भूकंप होऊन सु. 1,000 माणसे मरण पावली. तेथे 1977 पासून कायमची केंद्रे उभी राहिली. ही व अशी इतर जाळी राष्ट्रीय होती. ती आपापल्या देशातील भूकंप नोंदण्यासाठी होती आणि पर्वत अनेक देशांत पसरलेला असल्याने त्यांच्यामध्ये मोठ्या पोकळ्या राहिल्या.

दूरच्या भूकंपाचे तरंग केंद्राखाली जवळजवळ उभे वर येतात. भूकवचाच्या तळाशी प्राथमिक तरंगाचा काही भाग द्वितीयक तरंगात रूपांतरित होऊन मागाहून पोहोचतो. कवच 50 किमी. जाड असल्यास हा विलंब सु. 6 सेकंद असतो. त्यावरून खोली काढता येते, परंतु ती त्या केंद्राखालच्या भागापुरतीच. शेजारच्या केंद्रांची क्षेत्रे एकमेकांस भिडावयाची, तर केंद्रांतील अंतर ढोबळमानाने त्या खोलीएवढेच हवे. 2012–13 मध्ये पश्चिम आल्प्सवर एका रेषेत दाट केंद्रे मांडली असता, यूरोपीय कवचाचा तळ इटलीच्या बाजूस सु. 75 किमी. खोल गेलेला आढळला. 2016 पासून ‘आल्पॲरे’ या प्रकल्पात 11 देशांतील 36 संस्थांनी हीच पद्धत संपूर्ण पर्वतास लावली. कायम व तात्पुरती मिळून 600 हून अधिक केंद्रे षट्कोनी मांडणीत, परस्परांपासून 52 किमी.पेक्षा कमी अंतरावर होती. लिग्युरियन समुद्राच्या तळावरही काही उपकरणे सोडण्यात आली.

द्रोणीतील काम अधिक अवघड असते. पोच्या मैदानात गाळाचे थर काही ठिकाणी 7 किमी.पेक्षा जाड आहेत. मऊ गाळात तरंग वरखाली परावर्तित होत राहतात व खालून येणारा क्षीण संकेत झाकला जातो. वाहतुकीचा व कारखान्यांचा कंप त्यात भर घालतो. मात्र हाच अविरत कंप अनेक महिने दोन केंद्रांवर नोंदवून ताडून पाहिला, तर त्यांमधील पृष्ठतरंगांचा वेग मिळतो. या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झालेल्या या पद्धतीने गाळाची रचना भूकंपाची वाट न पाहता अभ्यासता येते. तिची निकड मे 2012 मध्ये दिसली. एमील्या भागात 20 व 29 तारखेस सु. 6 महत्तेचे दोन भूकंप झाले. गाळामुळे हादरे लांबले, काही गावांत जमिनीतून पाणीमिश्रित वाळू वर आली आणि पंचवीसहून अधिक माणसे दगावली.

पूर्व आल्प्सखालील प्रश्न या जाळ्यांनीही पुरता सुटलेला नाही. तेथे प्रावरणात बुडालेला शिलावरणाचा फलक एड्रिॲटिक भूपट्टाचा असून ईशान्येकडे कललेला आहे, असे 2003 मध्ये प्रतिपादन झाले. तसे असल्यास पश्चिमेकडे यूरोपीय व पूर्वेकडे एड्रिॲटिक पट्ट खाली गेला, असे मानावे लागते. 2017–19 मध्ये ‘स्वाथ-डी’ या जाळ्यात सु. 15 किमी. अंतरावर सु. 150 केंद्रे खास या भागात बसविली गेली. आल्पॲरेच्या नोंदींवरून काही अभ्यासकांनी तो फलक मूळचा यूरोपीयच असून वरच्या कवचापासून तुटलेला आहे, असे मत मांडले. इतरांना ते मान्य नाही.